कुंदावहिनीच्या गाडीची चार दारं

नऊ नोव्हेंबर, रविवार. त्या दिवशीचं काम ठरलेलं होतं : पेणला दादाच्या दारात उभी असलेली पांढरी गाडी घ्यायची आणि तिच्या चारही दारांची लॉकं दुरुस्त करायची. गाडी कुंदावहिनीची. वहिनीला जाऊन महिना झाला होता. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, सकाळी कपडे वाळत घालता घालता तिच्या छातीत कळ आली आणि शेजारच्यांनी दवाखान्यात पोचवेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दादा तेव्हा डोलवीला, त्याच्या कंपनीत, पहिल्या शिफ्टला. मी रोह्याला, आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये, नवीन आलेली खोकी उतरवून घेत होते. फोनवर दादा म्हणाला, "कुंदा गेली." मी विचारलं, "कुठं?" कारण आमची वहिनी सतत कुठेतरी गेलेलीच असायची. कारखान्यात, बाजारात, कोणाच्या तरी बाळंतिणीला बघायला... ती मरण्यातली बाई नव्हती. ज्या अर्थी गेली त्या अर्थी गाडी घेऊन गेली असणार, असंच माझ्या डोक्यात आलं.

ज्यांनी ती गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. काचा हँडल फिरवून खाली-वर करायच्या. प्रत्येक दाराचं लॉक वेगळं, खिडकीच्या कडेला वर-खाली होणारी काळी खुंटी. बाहेरून चारही दारं अलगद उघडायची. आतून एकही नाही. आतलं हँडल ओढलं की ते नुसतं हलायचं, खट् खट्, जसा काही त्याचा दाराशी काडीचा संबंध नाही. पुढे बसणाऱ्याने काच खाली करायची, हात बाहेर काढायचा, बाहेरचं हँडल ओढायचं आणि स्वतःची सुटका करून घ्यायची. मागे बसणाऱ्याच्या नशिबी तेही नाही, कारण मागच्या काचांची हँडलं निखळलेली. त्याने गप बसून राहायचं. वहिनी उतरणार, गाडीला वळसा घालून येणार, दारावर तळहाताचा एक दणका देणार, "उघड गो मेले!" असं गाडीला म्हणणार, आणि मग दार उघडणार. पावसाळ्यात तिच्या ड्रेसची उजवी बाही कायम ओली असायची. उन्हाळ्यात उजवा हात डाव्यापेक्षा काळा. विचारलं तर म्हणायची, "डावा हात नवरीचा हाय, उजवा ड्रायवरचा."

वहिनी पेणचीच. गणपतीच्या कारखान्यांच्या आळीतली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या नखांत रंग होता आणि आईने तो बघून नाक मुरडलं होतं. मूर्तीचे डोळे आखणं हे तिचं काम. सगळी रंगरंगोटी झाल्यावर, शेवटी, एका बारीक कुंचल्याने. सीझनमध्ये तिच्यासमोर मूर्ती रांगेने यायच्या आणि ती एकेकीकडे बघून मान वाकडी करायची, श्वास धरायची आणि दोन रेघांत शाडूच्या गोळ्याला नजर द्यायची. श्वास धरलेला तेवढाच वेळ ती गप्प. एरवी तिचं तोंड बंद म्हणून व्हायचं नाही. मोठ्याने हसणं, मोठ्याने भांडणं, भाजीवाल्याशी घासाघीस करून शेवटी त्यालाच चहा पाजणं. मी मोजून बोलणारी बाई. आमचं जमायचं, पण माझ्या मनात तिच्याविषयी एक पक्कं मत होतं : हाताने हुशार, कामाने अव्यवस्थित. आणि त्या मताला पुरावा म्हणून दारात ती गाडी उभी होतीच.

आईविषयी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं गाव वडखळच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. वडील मिठागरावर. आई वालाच्या शेंगा, पांढरा कांदा, कधी सुकट, जे असेल ते टोपलीत भरून एसटीने पेणच्या बाजारात यायची. बाजारात बसायला जागा मिळायची ती पहिली येईल तिला. म्हणून एसटी स्टँडात वळून जरा हळू झाली की आई दाराशी. गाडी थांबायच्या आधी तिचा पाय जमिनीवर, टोपली डोक्यावर, आणि मागून कंडक्टरची शिवी. सगळ्या बायका उतरून पदर सावरेपर्यंत आईने मोक्याच्या जागेवर गोणपाट पसरलेलं असायचं. त्या जागेवर आम्ही शिकलो, दादाची आणि माझी लग्नं झाली. "मी कदी पडले नाय," हे ती आजही अभिमानाने सांगते, आणि ते खरं आहे. आता ती ऐंशीच्या पुढे आहे. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. पण पाय मजबूत आहेत आणि ताठा पूर्वीचाच. हात धरून चालवलेलं तिला खपत नाही. दादाने एकदा काठी आणून दिली तर तिने तिचा उपयोग कुत्री हाकलायला केला.

या विसराळूपणाची सुरुवात असताना, काही वर्षांपूर्वी, एके दिवशी वहिनीचा फोन आला. "रंजू, गाडीचं मागचं लॉक गेलंय गो. आज स्टँडाजवळ चालत्या गाडीत आईंचं दार उघडलं."

मी विचारलं, "आई?"

"आईंना काय धाड भरलीय! पदर सावरून बसल्यात आणि मला शिव्या घालतायत."

मागून आईचा आवाज, "रंजू, तिला सांग, ही गाडी भंगारात घाल म्हणावं!"

मी म्हटलं, आजच्या आज गॅरेजला ने. वहिनी म्हणाली, नेते. पुढच्या वेळी मी पेणला गेले तेव्हा एक लॉक बिघडलं होतं त्याच्या जागी चार बिघडलेली होती.

मी तिला किती वेळा बोलले असेन. माझं आयुष्य क्लिपा, वॉशर, स्प्रिंगा यांत गेलेलं. कुठला भाग कशाने अडतो हे मला माणसांपेक्षा बरं कळतं. मी म्हणायचे, वहिनी, एक रविवार दे, सगळी दारं खोलून करून देते, सामान मी आणते. तिचं उत्तर ठरलेलं. "राहू दे गो. म्हातारी झालीय ती गाडी. म्हाताऱ्या माणसाची खोड कोण चारचौघांत काढून दाखवतं का?" मी म्हणायचे, गाडी माणूस नाही. ती म्हणायची, "तू स्टोअरची बाई, तुला सगळं सामानच दिसतं." आणि हसायची. मग मी सोडून दिलं. घरात त्या गाडीवरून विनोद चालू झाले आणि ते चालूच राहिले. दादाच्या शिफ्टमधले लोक तिला 'कुंदाताईंची कोठडी' म्हणायचे.

एका हळदीला आम्ही सगळे त्या गाडीतून गेलो होतो. आई आणि माझे यजमान मागे, मी पुढे. यजमानांनी पांढरा शर्ट घातलेला, इस्त्रीचा, आणि त्यांना घाईची लघवी लागलेली. मांडवाशी पोचलो. वहिनी काच खाली करून, हात बाहेर काढून उतरली आणि समोर आलेल्या कोणा मैत्रिणीच्या गळ्यात पडली. मीही तशीच उतरले आणि मलाही कोणीतरी धरलं. यजमान आत. हँडल खट् खट् करतायत, काचेवर थापा मारतायत. आई शेजारी मांडी घालून बसलेली, शांत. ती त्यांना म्हणाली, "जावईबापू, गप बसा. कुंदाची गाडी हाय. ती उघडंल तवा उघडंल." मग वहिनी आली, दणका दिला, दार उघडलं, आणि यजमान जे सुटले ते मांडवाच्या मागे. आई हसून हसून डोळे पुसत उतरली. घरी आल्यावरही ती गोष्ट तिला आठवत होती. पुढे तिच्या बऱ्याच गोष्टी पुसल्या गेल्या, ही राहिली. जावई आपल्याबरोबर गाडीत कोंडला गेला, ही.

आणखी एक आठवण मधेच सांगून ठेवते, कारण ती मला त्या रविवारी आठवली. एका श्रावणात मी काही द्यायला वहिनीच्या कारखान्यात गेले होते. मोठी मूर्ती होती, कोणाची तरी घरची, पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच नेणाऱ्यांची. रंगवणाऱ्या बाईच्या कुंचल्यातून सोनेरी रंगाचा एक थेंब मूर्तीच्या हिरव्या शेल्यावर पडला. बरोबर मधोमध. पुसायला गेलं तर पसरणार. ती बाई रडायच्या बेताला आली. मालक ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी उठली. थेंबाकडे बघितलं. कुंचला सोनेरी रंगात बुडवला आणि तसाच एक थेंब शेजारी दिला. मग आणखी एक. बोलता बोलता सगळा शेला ठिपक्यांनी भरून गेला, खांद्यापासून टोकापर्यंत. मालक बघतच राहिले. वहिनी कुंचला धूत मला म्हणाली, "एकच असला की डाग गो. सगळीकडं असला की नक्षी." पुढच्या वर्षी त्या घराने मुद्दाम ठिपक्यांचा शेला मागून घेतला.

वहिनी गेल्यावर पहिला प्रश्न आईचा होता. दादाच्या शिफ्टा फिरत्या. आईला घरात एकटं ठेवणं शक्य नाही. तेव्हा ठरलं, तिला माझ्याकडे रोह्याला न्यायचं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी भाड्याची गाडी केली. नवी, गारेगार. मी आईशेजारी मागे बसले. वडखळचा नाका आला, नेहमीसारखी वाहनं तुंबलेली, गाडी हळू झाली... आणि आईने पदर खोचला, पाय उचलला आणि सरळ दार उघडलं. "चल गो, जागा जाईल!" मी तिच्या कमरेला मिठी मारली. शेजारून ट्रक गेला, दाराच्या कडेपासून हातभर अंतरावरून. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, मला दार ओढून घ्यायला लावलं आणि पुढचं एक बटण दाबलं. चारही दारांतून एकदम खटकन आवाज आला. मग तो मागे वळला. माणूस चांगला होता, आवाजही मऊ होता. लहान मुलाशी बोलतात तसं हसून म्हणाला, "आजी, दाराला हात नाय लावायचा हां. लॉक केलंय मी आता."

आई आपल्या हाताकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "मला कोंडलं का गो?"

"नाही आई, रस्त्यावर..."

"मी काय केलं? मी कदी पडले नाय." मग ती ओरडायला लागली. काचेवर हात आपटायला लागली. नागोठण्यापर्यंतही जाणं शक्य नव्हतं, आम्ही तिथूनच परत फिरलो. घरी आल्यावर ती ओटीवर बसली, दोन्ही हात पदराखाली घेऊन. काय झालं ते ती संध्याकाळपर्यंत विसरली होती. पण हात पदराखालीच. चहाचा कप दिला तरी हात बाहेर काढायच्या आधी ती माझ्याकडे बघायची, विचारल्यासारखं. दोन-तीन दिवस हे चाललं. आईला मी तोवर कोणाकडे असं बघताना पाहिलेलं नव्हतं.

दादा म्हणाला, "कुंदाच्या गाडीत तिनं असं कदीच केलं नाय. किती वेळा नेली तिनं, डॉक्टरकडं, गावाला, देवाला. कदी तक्रार नाय."

म्हणून मी ठरवलं की आईला कुंदाच्याच गाडीतून न्यायचं. ओळखीची गाडी, ओळखीची जागा. पण त्या गाडीची दारं तशी ठेवून मी कोणालाही बसवणार नव्हते. तेव्हा पुढच्या रविवारी पेणला जायचं, चारही लॉकं नीट करायची. मागच्या दारांच्या कडेला मुलांसाठी एक बारीक खटका असतो, तो खाली केला की दार आतून उघडत नाही. आईच्या बाजूचा तेवढा खाली करायचा, सोमवारी सकाळी निघायचं. माझा हिशेब स्वच्छ होता.

मी स्टोअरमधून लागतील त्या क्लिपा, ग्रीस आणि पाने घेऊन आले. दादा कामावर होता. आई ओटीवर वाल सोलत बसली होती.

"काय करतेस गो?"

"दारं नीट करते."

"कुंदाला इचारलंस? तिची गाडी हाय. कारखान्यातनं आली म्हंजे ओरडंल."

सुरुवातीला आम्ही तिला दर वेळी खरं सांगायचो आणि ती दर वेळी नव्याने रडायची. मग आम्ही ते बंद केलं. "विचारलंय," मी म्हटलं आणि चालकाच्या बाजूचं दार खोलायला घेतलं. हँडलचा स्क्रू काढला, काचेचं हँडल काढलं, आतलं कव्हर कडेकडेने उचकटलं. अशा जुन्या गाडीत कव्हराच्या खुंट्या तुटतात. इथे एकही तुटलेली नव्हती. याआधी कोणीतरी हे कव्हर काढलं होतं आणि फार हळुवार काढलं होतं. आत मला गंज दिसेल, मोडकी स्प्रिंग दिसेल, असं वाटलं होतं. लॉक लख्ख होतं. ताजं ग्रीस लावलेलं. आतल्या हँडलपासून लॉकपर्यंत जी बारीक सळी जाते, ती लॉकच्या टोकाला सोडवलेली होती. तिला जुन्या साडीची चिंधी गुंडाळली होती, हादऱ्याने वाजू नये म्हणून, आणि कुंचले बांधायच्या दोऱ्याने ती बाजूला नीट बांधून ठेवली होती. सळीची क्लिप त्याच दोऱ्यात ओवलेली. हरवू नये म्हणून.

मला वाटलं, एखाद्या मेकॅनिकने अर्धवट सोडलेलं काम. दोरा कापला, सळी बसवली, क्लिप लावली. आतलं हँडल ओढलं. दार पहिल्या झटक्यात उघडलं. बिघाड नव्हताच. दुसरं पुढचं दार खोललं. तीच चिंधी, तोच दोरा, तीच गाठ. मागचं, आईच्या बाजूचं खोललं. तसंच. चौथं खोलायची गरज नव्हती, तरी खोललं. तसंच. मागच्या काचांची 'निखळलेली' हँडलं डिकीत, चटईखाली, कापडी पिशवीत सापडली, आपापल्या चकत्यांसकट.

मी जमिनीवर बसले. हातात पाना तसाच. आईचा हात चालत्या गाडीत दाराकडे जातो, हे वहिनीला त्या पहिल्या दिवशीच कळलं होतं. दार लॉकमुळे उघडलं नव्हतं. आईने उघडलं होतं, जागा पकडायला. आणि गाडी थांबवून, मागे वळून, पहिल्या श्वासात तिने आळ लॉकवर घेतला. हे मी समजू शकत होते. आईचं दार बंद करायला तिने सळी सोडवली, हेही. पण मग पुढची दारं का? स्वतःचं दार का? आईसाठी तो बारीक खटका पुरला असता. मी मागचं दार उघडून बघितलं. खटका वरच होता, गंजून वरच्या वर चिकटलेला, त्याला कधी कोणी हात लावलेला नव्हता. त्याच्या शेजारी, कळावं म्हणून, लहान मुलाचं चित्र. आईला वाचता येत नाही. चित्र दिसतं. दर वेळी पाय खाली ठेवताना ते तिच्या नजरेसमोर असतं. आणि एकटीचंच दार उघडत नसतं, बाकीचे पटापट उतरले असते, तर तिला ते पहिल्याच दिवशी कळलं असतं...

मग मला तो हिरवा शेला आठवला.

मी आजवर पुष्कळ हुशार माणसं बघितली आहेत. यंत्रं उघडून जोडणारी, परदेशातून येऊन आमच्या इंजिनिअरांना शिकवून जाणारी. अशी कारागिरी मी पाहिली नव्हती. एका म्हातारीला आपण एकटीच कोंडलेलो आहोत असं वाटू नये, म्हणून तिने सगळ्या घरालाच कोंडून घेतलं. स्वतःपासून सुरुवात करून. वर्षानुवर्षं भिजलेली बाही, रापलेला हात, दादाच्या मित्रांचे विनोद, माझी व्याख्यानं, सगळं तिने मोठ्याने हसत अंगावर घेतलं. आणि ही बाई अशी बोलकी की शेजारच्या घरची भाजी काय आहे तेही पोटात ठेवू शकत नव्हती! हे मात्र तिने कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आम्ही गाडीत बसल्यावर एकमेकांकडे बघितलं असतं. आईला नजर कळते. आणि नजरेचं काम वहिनीइतकं कोणाला कळणार...

दुपारी दादा आला. मी त्याच्या हातात सळी दिली, चिंधीसकट. सगळं सांगितलं. तो बराच वेळ ती चिंधी उलटसुलट करत राहिला. "तिची जांभळी साडी ही," म्हणाला.

"तुला ठाऊक होतं?"

"नाय गो. मी करून आणतो म्हटलं होतं एकदा. म्हणाली, तुमची कंपनी बघा, माझ्या गाडीला हात लावायचा नाय." मग थांबून म्हणाला, "माझ्याबरोबर असली तरी काच खाली करूनच उतरायची. भर पावसात."

"आई गाडीत नसतानाही?"

"आई नसताना पण. मी बोललो पण एकदा, आता कोणासाठी..." बोलता बोलता त्याची नजर ओटीकडे गेली. आई तिथेच बसलेली होती, जिथे ती रोज बसते. तिथून फाटक दिसतं, गाडी दिसते, गाडीतून कोण कसं उतरतं ते दिसतं. दादा आत जाऊन नळ सोडून तोंड धुवत राहिला.

शहाणपणाचं काम काय होतं ते मला माहीत होतं. सगळ्या सळ्या जोडायच्या, आईच्या दाराचा गंजलेला खटका तेल सोडून खाली करायचा. चित्रावर चिकटपट्टी लावता आली असती. मी बाकीच्या तीन दारांच्या सळ्या होत्या तशा बांधल्या. त्याच चिंध्या, त्याच जागी. तिच्यासारखी गाठ मला जमली नाही, माझी जाड झाली. चालकाचं दार मात्र जोडलेलंच ठेवलं. स्टोअरमध्ये माझी नोकरी आग विझवायच्या नळकांड्यांखाली बसून झाली आहे. गाडीत म्हातारं माणूस असताना एक तरी दार आतून उघडायला हवं, यावर मी वहिनीशीही भांडले असते.

सोमवारी सकाळी आईला मागे बसवलं. पुढे बस म्हटलं तर म्हणाली, "मालकीण पुढं बसते का?" दादा फाटकाशी उभा राहिला. गाडी निघाली. आई खूश होती, दुकानांच्या पाट्या बघत होती. वडखळचा नाका जवळ आला. वाहनं तुंबलेली होतीच. गाडी हळू झाली. मागून आवाज आला, खट्... खट्.

मी मागे बघितलं नाही.

परत, खट् खट्. मग दारावर एक चापट. "मेली गाडी! किती वेळा सांगितलं कुंदाला!" आणि मग आई मागे टेकल्याचा आवाज, एक उसासा, आणि थोड्या वेळाने अगदी रोजच्या आवाजात, "जागा गेली बघ आता. जाऊं दे. वाल हायत का गो तुझ्याकडं घरात?" आहेत, मी म्हटलं. नागोठणं गेलं. ती झोपली.

रोह्याला आमच्या दारात गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. आई जागी झाली होती. आरशात मला तिचे डोळे दिसत होते, माझ्या पाठीवर रोखलेले. माझ्या हाताखाली आतलं हँडल होतं. एका बोटाने दार उघडलं असतं. मी काच खाली केली. उजवा हात खांद्यापर्यंत बाहेर काढला, बाहेरचं हँडल चाचपडलं, ओढलं आणि उतरले. समोरच्या बाल्कनीतून शेजारीण बघत होती, तिला बघू दिलं. गाडीला वळसा घातला, मागच्या दारावर तळहाताचा दणका दिला. "उघड गो मेले!" माझा आवाज वहिनीएवढा मोठा लागत नाही. दार उघडलं.

मी हात पुढे केला. आईने तो घेतला नाही. पदर खोचला, पाय जमिनीवर ठेवला आणि ताठ उभी राहिली.

"कुंदाला सांग," ती म्हणाली, "ही गाडी भंगारात घाल म्हणावं."

"सांगते."

माझ्या उजव्या बाहीला दाराची धूळ लागली होती. ती झटकली आणि आईची पिशवी काढायला डिकीकडे गेले.